व्हरूका, प्लांटर वार्ट की कुरूप? तळपायाच्या गाठींविषयी वाचकांचे प्रश्न

तळपायावरच्या गाठींबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली आहेत. उत्तरे त्वचारोग आणि पशुवैद्यक या विषयांतल्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : माझा नातू इंग्लंडमध्ये शाळेत जातो. पोहण्याच्या तासाला बाईंनी त्याच्या पायाला 'व्हरूका' झाल्याचे सांगितले आणि रबरी मोजा घातल्याशिवाय पाण्यात उतरू दिले नाही. सुट्टीत तो इथे आला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी केसपेपरवर 'प्लांटर वार्ट' लिहिले. सूनबाईंच्या मते दोन्हींचा अर्थ चामखीळ. पण चामखीळ तर मानेवर लोंबते, ही तळव्यात रुतलेली आहे. हे दोन आजार आहेत की एक? — निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : एकच. सूनबाईंचे बरोबर आहे.

व्हरूका हा लॅटिनमधून आलेला शब्द, अर्थ चामखीळ. ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात तो फक्त तळपायाच्या चामखिळीसाठी वापरतात. तीच गाठ हाताच्या बोटावर आली की तिथला माणूस तिला 'वार्ट' म्हणतो. अमेरिकेत सामान्य माणसाच्या तोंडी व्हरूका नाही, तिथे 'प्लांटर वार्ट' चालते. आपले डॉक्टर दोन्ही लिहितात. उच्चारताना जोर मधल्या 'रू'वर येतो. अनेकवचन बोलताना 'व्हरूकाज' होते, वैद्यकीय लिखाणात 'व्हरूकी'. 'प्लांटर'चा मळेवाल्याशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये तळपायाला 'प्लांटा' म्हणतात, त्यावरून ते विशेषण आले. टाचदुखीच्या केसपेपरवर 'प्लांटर फॅशिआयटिस' लिहिलेले असते तिथेही हाच शब्द आहे, पण तो आजार तळव्याच्या आतल्या पट्ट्याचा. त्याचा चामखिळीशी संबंध जोडू नका.

डॉक्टरांच्या भाषेत मात्र व्हरूका हा शब्द जास्त पसरट आहे. 'व्हरूका व्हल्गॅरिस' म्हणजे हाताबोटांवरची खरखरीत चामखीळ, 'व्हरूका प्लाना' म्हणजे चेहऱ्यावरच्या किंवा हाताच्या पाठीवरच्या बारीक चपट्या चामखिळी आणि 'व्हरूका प्लँटारिस' म्हणजे तळपायाची. तेव्हा केसपेपर वाचताना दुसरा शब्द बघायचा. 'मोझॅक वार्ट' असे लिहिले असेल तर बारीक बारीक बऱ्याच चामखिळी चिकटून एक चकती झाली आहे, असे समजा. ही जात बरी व्हायला सर्वांत चिवट.

तुमचा घोळ खरे तर मराठीतला आहे. मानेवर, काखेत लोंबणारी मऊ गाठ आणि विषाणूने होणारी खरखरीत गाठ या दोन्हींना आपण चामखीळच म्हणतो. लोंबणारी ती 'स्किन टॅग'. ती विषाणूची नसते आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. तळव्याची चामखीळ विषाणूची असते, पण अंगाचा भार वर पडत असल्यामुळे ती बाहेर न वाढता आत दाबली जाते आणि वर कडक कातडीचे झाकण बसते. म्हणून ती चामखिळीसारखी दिसत नाही आणि घरोघरी तिला कुरूप किंवा भोवरी म्हणून मोकळे होतात. इंग्रजीत कुरुपाला 'कॉर्न' म्हणतात, ती वेगळी गोष्ट. मेडिकलमध्ये किंवा दवाखान्यात सांगताना सरळ 'तळपायाची चामखीळ' म्हणा.

रबरी मोज्याबद्दल : पोहताना पाण्यात न सुटणारी चिकटपट्टी लावली तरी चालते. शाळेचा नियम मोज्याचा असेल तर मोजा घालावा, त्यात नातवाचे काही बिघडत नाही.

प्रश्न : उसाच्या रानात वावर असतो, पाचटातून बऱ्याचदा अनवाणी चालणे होते. उजव्या पायाच्या चवड्याखाली दोन महिन्यांपासून वाटाण्याएवढी कडक गाठ आहे. आई म्हणते काटा मोडला, त्याचेच कुरूप झाले. घरच्या घरी कसे ओळखावे? — शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : पाय धुऊन पुसा, उन्हात बसा आणि मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. डोळ्यांपेक्षा फोटोत चांगले कळते.

पहिली खूण त्वचेच्या रेषांची. तळव्यावरही बोटांच्या ठशासारख्या रेषा असतात. कुरुपावर आणि साध्या घट्ट्यावर त्या रेषा तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी त्या तुटतात किंवा कडेने वळसा घेतात. ही खूण सर्वांत भरवशाची.

दुसरी खूण दुखण्याची. गाठीवर अंगठ्याने सरळ दाबा, मग दोन बोटांत धरून दोन्ही बाजूंनी चिमटा काढा. कुरूप सरळ दाबल्यावर जास्त दुखते, चामखीळ चिमट्यात. खूप जाड झालेली चामखीळ दोन्हीकडून दुखते, म्हणून एवढ्या एका खुणेवर निर्णय घेऊ नका.

तिसरी खूण काळ्या ठिपक्यांची. कोमट पाण्यात पाय बुडवून वरचा पांढरा थर हलकेच घासला की चामखिळीत टाचणीच्या टोकाएवढे काळे-तपकिरी ठिपके दिसतात. याच ठिपक्यांना लोक 'मुळे' म्हणतात आणि सुईने कोरत बसतात. ती मुळे नव्हेत. चामखिळीत शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठले की तसे दिसते. कोरले की रक्त येते आणि त्यातून विषाणू शेजारच्या कातडीत पसरतो. कुरुपात ठिपके नसतात, मधोमध पिवळसर, काचेसारखा कडक खडा असतो.

जागेवरूनही अंदाज येतो. कुरूप हाड टेकते तिथे येते : चवड्याच्या हाडांखाली, करंगळीच्या बाहेरच्या अंगाला. चामखिळीला जागेचे बंधन नाही. तळव्याच्या खोलगट भागात, जिथे भारच पडत नाही, तिथे कडक गाठ असेल तर कुरुपाची शक्यता कमी.

आता आईंच्या काट्याचे. खडे-काटे टोचून पायात कठीण गाठ होते हे सुश्रुतसंहितेतही 'कदर' या नावाने आले आहे, तेव्हा ही समजूत बरीच जुनी आहे आणि निराधार नाही. मोडलेला काटा आत राहिला तर भोवती गाठ धरते. पण काट्याचे दुखणे एका बिंदूवर असते, टोचल्याचा दिवस बहुतेकदा आठवतो आणि मधूनमधून लाली, सूज किंवा पू दिसतो. बाभळीचा काटा किंवा लाकडाची कूस साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. संशय असेल तर त्या जागेची सोनोग्राफी करतात. धनुर्वाताची सुई केव्हा घेतली होती तेही डॉक्टरांना सांगा.

रेषा शाबूत आणि मधे खडा असेल तर कुरूप. त्याला चामखिळीचे औषध लावून उपयोग नाही असे नाही, कातडी मऊ होते. पण घट्ट बूट किंवा झिजून एका बाजूला कललेली चप्पल तशीच राहिली तर महिन्याभरात कुरूप पुन्हा हजर होते. दाब काढला की कुरूप जाते.

एक इशारा. काळे सुटे ठिपके वेगळे आणि पसरत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डाग वेगळा. भारतीय लोकांत त्वचेचा मेलॅनोमा हा कॅन्सर तळपायावर आणि नखाखाली आढळतो. असा डाग वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा वर्षानुवर्षे न भरणारी गाठ असेल तर घरी काहीही लावू नका. त्वचारोगतज्ज्ञ तुकडा तपासायला पाठवतील.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. टाचेला दोन चामखिळी आहेत, 1600 मीटर पळताना कळ येते. मेडिकलमधून सॅलिसिलिक ॲसिडचे थेंब आणले, दहा दिवस लावले, वर नुसते पांढरे होते. मित्र म्हणतो गोठवून घे, एका फटक्यात जाते. — सांगली

उत्तर : दहा दिवसांत काही दिसत नाही. या औषधाला 12 आठवडे द्यायचे असतात आणि बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडून देतात.

बाटलीवरचे प्रमाण आधी वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या थेंबांत बहुधा सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड प्रत्येकी 16.7 टक्के असते, ते कोलोडियन नावाच्या पातळ डिंकासारख्या द्रवात मिसळलेले. तो द्रव वाळला की पापुद्रा धरतो आणि ॲसिड जागेवर राहते. विषाणूला हे औषध मारत नाही. ते विषाणू बसलेली कातडी थराथराने सोलते आणि त्या सौम्य दाहामुळे शरीराची प्रतिकारशक्ती तिथे जागी होते. म्हणून थर काढला नाही तर औषध मेलेल्या कातडीवरच पडत राहते. तुमचे 'नुसते पांढरे' म्हणजे तेच.

रोज रात्री असे करा. पाय पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवा. पुसून नखे घासायच्या खरखरीत पट्टीने वरचा पांढरा, मऊ झालेला थर काढा. गुलाबी कातडी दिसली किंवा झोंबू लागले की थांबा, रक्त काढायचे नाही. चामखिळीच्या कडेने चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचे कडे ओढा. मग बरोबर गाठीवर एक थेंब, तो पाच मिनिटे वाळू द्या. गाठ जाड असेल तर त्यावर आणखी एक. वर चिकटपट्टी. सकाळी पट्टी काढून नेहमीसारखे पळायला जा. दुसऱ्या रात्री आधीचा पापुद्रा सोलून पुन्हा पहिल्यापासून.

घासायची पट्टी त्या गाठीपुरतीच ठेवा. घरातली अंघोळीची वज्री अजिबात वापरू नका, तीच वज्री उद्या आई किंवा बहीण टाचेला लावणार. बाटलीचे बूच घट्ट लावा, नाहीतर द्रव घट्ट होऊन तार सुटते. तो पेट घेतो, त्यामुळे देवघरातल्या समईपासून आणि चुलीपासून लांब.

जागा लाल होऊन टेकवेना झाली तर दोन-तीन दिवस थांबा, बरी झाली की पुन्हा चालू करा. कॉर्न कॅप वापरणाऱ्यांचे इथेच चुकते. त्या चकतीत बहुधा 40 टक्के सॅलिसिलिक ॲसिड असते आणि चकती गाठीपेक्षा मोठी असते. धावताना ती सरकते, चांगली कातडी जळते आणि गाठ तशीच राहते. वापरायचीच तर चकती कात्रीने गाठीच्या मापाची कापा, वरून पट्टीने घट्ट बांधा आणि डबीवर लिहिलेल्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे नव्हे. काळे ठिपके गेले आणि त्वचेच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जाऊ लागल्या की मगच औषध बंद. त्याआधी सोडले तर राहिलेल्या कणभर भागातून पुन्हा वाढते.

गोठवणे म्हणजे उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन काही सेकंद लावणे. हा तोच नायट्रोजन, ज्याच्या कॅनमध्ये जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात. त्या कॅनमधला आणून घरी लावायचे धाडस कोणी करू नये, हाडापर्यंत इजा होऊ शकते. दवाखान्यात दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा करावे लागते आणि दर वेळी फोड येऊन काही दिवस टाच टेकवत नाही. 'एका फटक्यात' क्वचितच. 2011 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 240 रुग्णांवर केलेल्या तुलनेत गोठवणे आणि 50 टक्क्यांचे सॅलिसिलिक ॲसिड रोज लावणे या दोन्हींत 12 आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले सुमारे 14 टक्केच निघाले. तळपायाची चामखीळ किती चिवट असते ते यावरून समजावे. मैदानी चाचणी तोंडावर असेल तर आत्ता गोठवून घेऊ नका. बुटात गाठीभोवती फेल्टचे कडे चिकटवा म्हणजे भार कडेला जातो. मोठा उपचार चाचणीनंतर.

बारा आठवड्यांनी फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढचे पर्याय आहेत : गाठीत व्हिटॅमिन डी3 किंवा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची) लस टोचणे, ज्यामुळे शरीर स्वतःच विषाणूवर उठते. कॉटरीने जाळणे किंवा कापून काढणे तळव्यावर शक्यतो टाळतात. तिथे व्रण राहिला तर चालताना तो कायमचा दुखतो.

प्रश्न : आमच्या आबांना पंधरा वर्षे साखर आहे. तळव्याच्या गाठीवर गावातले एकजण बिब्बा घालून देतात. घालावा का? — वाई

उत्तर : नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि कित्येकांच्या सगळ्या अंगावर खाज उठते. चुना-सोड्याचा लेप आणि रुईचा चीक यांचेही तेच. साखर असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे भाजल्याचे आबांना कळणारही नाही. रक्तपुरवठाही कमी असेल तर ती जखम भरत नाही आणि बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत वेळ येते. याच कारणाने सॅलिसिलिकचे थेंब, कॉर्न कॅप आणि ब्लेडने कातरणे हेही आबांसाठी वर्ज्य. मेडिकलवाले विचारत नाहीत, म्हणून तुम्हीच सांगायचे. गाठ आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्याच भेटीत पायाची संवेदना आणि नाडी तपासून घ्या.

तोवर रोज रात्री दोन्ही तळवे बघणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे आणि घरातसुद्धा मऊ चप्पल.

प्रश्न : तालमीतल्या तीन पोरांच्या पायाला चामखिळी आल्यात. लाल मातीतून येते का? नेटवर वाचले की याचा विषाणू कॅन्सर करणाराच आहे, मग पोरे घाबरलीत. — वस्ताद, कराड तालुका

उत्तर : घराणे एक, माणसे वेगळी. विषाणूचे नाव एचपीव्ही, त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. तळपायाची चामखीळ मुख्यतः 1, 2, 4, 27 आणि 57 या प्रकारांनी होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी ज्यांचा प्रमुख संबंध आहे ते 16 आणि 18. पोरांना हे आकडे दाखवा.

आखाड्याच्या मातीपेक्षा न्हाणीघराकडे बघा. विषाणूला आत शिरायला भिजून मऊ झालेली आणि थोडी खरचटलेली कातडी लागते. जोर-बैठका आणि कुस्ती झाल्यावर सगळे एकाच ओल्या, खडबडीत फरशीवर अनवाणी अंघोळ करतात, एकच टॉवेल, एकच वज्री फिरते, तिथे ते जमते. लागण झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत एक ते सहा महिने, कधी त्याहून जास्त जातात, त्यामुळे कोणाची कोणाला लागली याचा शोध घेऊन भांडणे करण्यात अर्थ नाही. अंघोळीला प्रत्येकाची स्वतःची रबरी चप्पल, स्वतःचा टॉवेल, गाठीवर चिकटपट्टी, मोजे रोज धुऊन उन्हात. कुस्ती बंद करायची गरज नाही.

लहान मुलांत चामखिळी बहुतेकदा आपोआप जातात. दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या गेलेल्या असतात. म्हणूनच 'दोरा बांधला आणि गेली', 'मीठ ओवाळले आणि गेली' या गोष्टी टिकून आहेत. दुखत नसेल तर लहान मुलाला थेंबसुद्धा न लावता वाट पाहणे हा पूर्ण शहाणपणाचा उपचार आहे. मोठ्यांत मात्र ती वर्षानुवर्षे राहू शकते.

प्रश्न : आमच्याकडे संकरित एचएफ गाई आहेत. एक गाय मागचा पाय उचलून धरते, खुराच्या मागे लाल चट्टा आहे. मोबाइलवर शोधले तर इंग्रजीत 'फूट वार्ट' आले आणि खाली माणसाच्या पायाचे औषध! ते गाईला चालेल का? धार काढणाऱ्यांना लागेल का? — दूध उत्पादक, तासगाव तालुका

उत्तर : इंग्रजी बोलणारे दूधवाले या रोगाला 'फूट वार्ट' किंवा 'हेअरी हील वार्ट' म्हणतात खरे, पण ही चामखीळ नाही. रोगाचे नाव डिजिटल डर्मटायटिस. 1974 मध्ये इटलीत त्याचे पहिले वर्णन झाले. कारण विषाणू नसून मुख्यतः ट्रेपोनेमा जातीचे जिवाणू, म्हणून सॅलिसिलिकचा इथे उपयोग शून्य. ताजा चट्टा स्ट्रॉबेरीसारखा लाल आणि दाणेदार, बोट लागले तरी गाय पाय झटकते. जुना झाला की त्यातून केसांसारखे तंतू निघतात आणि त्यावरूनच ते 'वार्ट' नाव पडले. जागा ठरलेली : मागच्या पायाला, दोन्ही खुरांच्या मागच्या बाजूला मधोमध.

ताप, तोंडाला लाळ, जिभेवर फोड असतील तर हा रोग नव्हे, लाळ-खुरकत समजून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

उपचारात पाय आधी पाण्याने स्वच्छ धुऊन कापडाने कोरडा करायचा. शेणाच्या थरावर मारलेले औषध वाया जाते. मग पशुवैद्यकांच्या सल्ल्याने चट्ट्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिनचा फवारा. दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही ते त्यांनाच विचारून घ्या.

गोठ्यात एकीला झाले की बाकीच्यांना होते, म्हणून सगळ्यांसाठी खुरस्नान हवे. धार काढून परतायच्या वाटेवर तीन मीटर लांब, खुरे बुडतील एवढा, निदान 10 सेंटिमीटर खोल हौद करा. त्यात 5 टक्के मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट), म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो. शेण पडून पाणी गढूळ झाले की द्रावण निकामी होते, ते ओतून नवे करा. खरा इलाज गोठ्यातली ओल कमी करण्यात आहे. शेणमूत साचलेल्या जमिनीत खुरामागची कातडी सतत भिजते आणि जिवाणू तिथूनच शिरतात.

धार काढणाऱ्यांच्या पायाला यातून चामखीळ होत नाही. वापरलेले मोरचुदाचे पाणी मात्र एकाच शेतात वारंवार सोडू नका, तांबे मातीत साठते. मेंढरे पितील अशा जागी तर नकोच. मेंढीला तांबे गाईपेक्षा कितीतरी लवकर बाधते.